मानेजवळचा पिकअप

निकेलच्या झाकणावर अंगठ्याचा ठसा उमटला होता, तो त्याने शर्टाच्या टोकाने पुसला, आणि पुसतापुसता पलीकडच्या बाजूला दुसरा उमटला... काडेपेटीहून थोडा लांबट, दिसतो त्याहून जड, पोटातून दोन वायरी लोंबणारा हा पिकअप नेव्हिल सकाळपासून स्वयंपाकघरातल्या टेबलावर उलटापालटा करत बसला होता. चहा कधीच गार झाला होता. आत असतं तरी काय — एक लोहचुंबक आणि त्याच्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. गिटारीच्या तारा थरथरल्या की ह्याने ती थरथर उचलायची आणि अँप्लिफायरकडे पाठवायची, संपलं काम. एवढ्याशा डबीने माणसाच्या डोक्याला किती ताप द्यावा! हा आज परत द्यायचा होता. ह्याच्या आधीचाही असाच परत गेला होता, आणि तो परत घेताना हेंकने, म्हणजे गिटारी दुरुस्त करणाऱ्या त्या डच म्हाताऱ्याने, ज्या नजरेने पाहिलं होतं ती नजर नेव्हिलला अजून टोचत होती.

ऊबदार! ह्या शब्दाचाच त्याला आता वीट आला होता. गोधडी ऊबदार असते, झोपलेल्या कुत्र्याचं पोट ऊबदार असतं — आवाज ऊबदार म्हणजे नक्की काय, हे गेल्या पाच महिन्यांत एकाही माणसाला धड सांगता आलं नव्हतं, आणि तरी प्रत्येकाला त्यावर बोलायचं मात्र होतं. इंटरनेटवर गिटारवाल्यांचा एक अड्डा होता. तिथे त्याने भाबडेपणाने विचारलं, की जॅझसाठीच्या पोकळ पोटाच्या गिटारीला, मानेजवळ बसवायला, मऊ ऊबदार आवाजाचा पिकअप कुठला घ्यावा — आणि कुठून विचारलं असं झालं. एकाने लिहिलं, अमुक घ्या, मधात बुडवलेला सूर. दुसऱ्याने लिहिलं, मध कसला, नुसता चिखल आहे तो. तिसरा म्हणाला, पिकअपला हातच लावू नका, आधी तारा बदला. चौथ्याला तारांबद्दल काही म्हणायचं नव्हतं, त्याला वायरीबद्दल म्हणायचं होतं. ओहायोतल्या कुणा निवृत्त दंतवैद्याशी तर नेव्हिलचा तीन दिवस वाद चालला, चुंबक जुना असावा की नवा ह्यावर, आणि शेवटी त्या दंतवैद्याने विचारलं, बाकी तुमच्या आत्ताच्या पिकअपला झालंय तरी काय?

काही नाही. काहीही झालं नव्हतं त्याला. हीच तर सगळी गंमत — गंमत कसली डोंबलाची! गिटारीबरोबर आलेला, चाळीस वर्षं इमानाने चाललेला तो जुना पिकअप ठणठणीत होता, आणि तो ठणठणीत आहे हे ठाऊक असलेला माणूस त्याच्या जागी बसवायला दुसरा शोधत दारोदार हिंडत होता, नवे आणत होता, नापसंत करत होता, परत करत होता, आणि हे सगळं इतक्या तळमळीने, की मधूनमधून त्याचं त्यालाच खरं वाटायचं.

मार्चमधल्या एका रविवारी हे सुरू झालं. समुद्राकडचा बोलिंग क्लब — बाहेर हिरवळीवर पांढऱ्या कपड्यांतली म्हातारी माणसं जड गोळे घरंगळवतात, आणि आत, दुपारच्या जेवणाच्या वेळी, कोपऱ्यातल्या बुटक्या मंचावर नेव्हिल आणि त्याची बायको ग्लेनिस जुनी जॅझची गाणी करतात. तो गिटारीवर, ती माईकपुढे, सव्वीस वर्षं. त्या दिवशी कार्यक्रम आटोपल्यावर मर्व्ह आला. मर्व्ह क्लबाचा सचिव. गाणं ऐन रंगात आलेलं असताना मधेच माईक मागून घेऊन, हिरवं तिकीट एकोणचाळीस, असं ओरडत मांसाच्या ताटांची सोडत काढणारा, आणि डुकराच्या फासळ्या कुणाला लागल्या हे जाहीर झालं की 'हं, चालू द्या तुमचं' म्हणणारा, तोच हा.

"यंदा जरा पातळ वाटतंय रे," मर्व्ह बिअरचा फेस ओठावरून पुसत म्हणाला. "वाईट नाही हां... पण पूर्वीची ती ऊब नाही राहिली. काय?"

ग्लेनिस शेजारीच उभी राहून कोपर आणि अंगठा ह्यांच्यामधून माईकची वायर गुंडाळत होती. तिचे हात थांबले — थांबले का? निदान नेव्हिलला तसं वाटलं — आणि विचार करायच्या आत त्याच्या तोंडून निघून गेलं, "पिकअप म्हातारा झालाय. बदलायचाच आहे."

झालं. मर्व्हने मान डोलावली, ग्लेनिसची वायर पुन्हा गुंडाळली जाऊ लागली, आणि नेव्हिलच्या मागे ही नसती उठाठेव लागली. कारण पुढच्या रविवारी मर्व्हने विचारलं, बदलला का? त्याच्या पुढच्या रविवारी ग्लेनिसनेच विचारलं, कधी जाणार हेंककडे? खोटं बोलून माणूस सुटतो म्हणे. मी कुठे सुटलो?

पातळ काय झालं होतं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. ग्लेनिसचा आवाज. एके काळी तो आवाज असा होता, की ती पहिला शब्द म्हणायची आणि जेवणाऱ्यांचे काटे-चमचे ताटावरच थांबायचे. आता थांबत नाहीत. आणि हे तिला सांगायचं असं ठरलेलं होतं, वचनच दिलेलं होतं — खूप वर्षांपूर्वी सिडनीहून परतताना, एका नावाजलेल्या पण उतरत्या वयाच्या बाईचं गाणं ऐकून येत असताना, घाट उतरून आल्यावर ग्लेनिसने गाडी कडेला घेतली होती, हँडब्रेक ओढला होता आणि म्हणाली होती, "माझं असं होईल ना, तेव्हा तू सांगायचंस. लोकांनी सांगायच्या आत तू. त्या दिवशी मी थांबेन." तो बरं म्हणाला. "बरं नाही, शपथ घे," ती म्हणाली होती, आणि त्याने घेतली होती. तेव्हा काय जात होतं शपथ घ्यायला! आवाज अजून घट्ट होता, गुडघे धड होते, आणि असले दिवस दुसऱ्यांवर येतात अशी दोघांचीही खात्री होती. आता मात्र... सांगितलं की ती थांबणार. ग्लेनिस थांबते म्हणाली की थांबते, सिगारेट अशीच एका दुपारी सोडली होती तिने. मग रविवारी काय करायचं? मंगळवारपासून ती भांडी घासताना रविवारच्या गाण्यांची जुळवाजुळव करते, हे आधी की ते आधी, निळा ड्रेस की तो दुसरा — त्या मंगळवारांचं काय करायचं? आणि तिच्या मागे वाजवणारा मी, माझं काय करायचं? गाणाऱ्या बाईशिवायचा नेव्हिल म्हणजे कोपऱ्यात टिंगटिंग करत बसलेला एक म्हातारा, एवढंच.

म्हणून त्याने सांगितलं नव्हतं. सांगायच्या ऐवजी त्याने पट्टी उतरवली होती. एका वेळी अर्धा सूर, आज ह्या गाण्याची, दोन महिन्यांनी त्या गाण्याची, चोरपावलांनी. ग्लेनिसला पट्ट्यांची नावं कधीच येत नव्हती. तो सुरुवातीचा चार ओळींचा तुकडा वाजवायचा, ती डोळे मिटून ऐकायची आणि त्यातूनच आपला पहिला सूर उचलायची. तो खाली वाजवेल तर ती खाली गाणार. चार वर्षांत सगळी गाणी उतरत उतरत इतकी खाली आली होती, की काही ठिकाणी त्याला बोटं फाकवून फाकवून ठेवावी लागत, कारण गिटारीच्या मानेवर खालच्या सुरांकडे बोटं ठेवायची घरं रुंद असतात, आणि इतकं करून आवाज पातळ तो पातळच.

"मीपण येते हेंककडे," ग्लेनिस दारातून म्हणाली. तिने कोट घातलासुद्धा होता.

"तू कशाला? कंटाळशील तिथे."

"शेजारच्या बेकरीतून पाव घ्यायचाय. आणि तू पाच महिने काय शोधतोयस ते एकदा बघू तरी दे."

 गिटारीची पेटी मागच्या सीटवर ठेवायला तो वाकला, तर तिनेच पुढे होऊन त्याच्या हातातून पेटी घेतली. हल्ली हे असंच. ह्या बाईला वाटतं मी काचेचा आहे. ऑगस्टमधलं, म्हणजे इथल्या हिवाळ्यातलं ऊन नुसतं दिसायला होतं, रस्त्यावरच्या उंच पाइन झाडांच्या सावल्या सपाट पडल्या होत्या, आणि गाडीत ती स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती, इंजिनाच्या आवाजात नीट ऐकू येत नव्हतं. नेव्हिल ऐकायचा प्रयत्न करत होता, आणि ऐकू येत नाही म्हणून त्याला बरंही वाटत होतं.

...चार वर्षांपूर्वीच्या त्या ईस्टरच्या रविवारीही तिने हेच गाणं घेतलं होतं बहुतेक. शेवटच्या ओळीत ती नेहमीसारखी वर गेली, आणि वरचा सूर लागायच्या ऐवजी चिरकला, मधोमध फाटला, आणि एका क्षणात नेव्हिलने वाजवणं तोडलं, डावा हात तारांवरून काढून झटकला, तोंड वेडंवाकडं केलं आणि ओरडला, "माफ करा मंडळी, पेटका आला!" लोक हसले, टाळ्या वाजल्या, कुणीतरी म्हणालं नेव्हला बिअर द्या. इतकं झटपट काही त्याने आयुष्यात केलं नव्हतं. ग्लेनिसही हसली होती. पुढच्या रविवारपासून पट्टी खाली.

हेंकचं वर्कशॉप बेकरीच्या मागच्या गॅरेजात. सरस, लाकडाचा भुसा आणि भिंतीपलीकडून येणारा पावाचा वास. हेंक बाकावरून मानही वर न करता म्हणाला, "आला का ऊबवाला? दे तो पिकअप. पुन्हा परत आणलास ना, तर गिटार इथे ठेवून घेईन आणि तुला परत पाठवीन."

"आवाज चोंदल्यासारखा येतो त्याचा," नेव्हिल म्हणाला.

"आधीच्याचा चिखलासारखा येत होता. त्याच्या आधीच्याला काहीच झालं नव्हतं. तुला पिकअप नकोय बाबा, तुला डॉक्टर हवाय." मग ग्लेनिसला पाहून तो उठला, हात पँटला पुसले, तिच्यासाठी स्टुलावरचा भुसा फुंकला. "बाईंना घेऊन आलास ते बरं केलंस. आज काय तो सोक्षमोक्ष लावू. बस ग्लेनिस."

ह्या गिटारीचा पिकअप लाकडात कोरून बसवलेला नव्हता, मानेच्या टोकाशी नुसता टांगलेला होता. दोन स्क्रू काढले की एक उतरवून दुसरा लावता यायचा. हेंकने जुना उतरवला आणि कुठल्या तरी मोडक्या गिटारीतून काढून ठेवलेला एक काळपट, झाकण गंजलेला तुकडा तिथे अडकवला. "हा विकायचा नव्हता," तो पुटपुटला. "पण तुझी कटकट तरी थांबेल."

नेव्हिलने पहिला सूर छेडला आणि त्याचे खांदे खाली आले. मग दुसरा. मग काही न ठरवता एक सावकाश चाल, एकेका सुरावर रेंगाळत. गोल, भरलेला, कुठे कड म्हणून नाही. सूर तारेवरून निघतच नव्हता जणू, खोलीतच होता आणि बोट ठेवल्यावर फक्त जागा होत होता. पाच महिने ज्या शब्दाने त्याला वैताग आणला होता तो शब्द आता त्याला आठवलासुद्धा नाही. खोटं म्हणून सुरू केलेला शोध, आणि हा कुठून समोर येऊन बसला! हा हवा. हा मलाच हवा. कुणासाठी नाही, कशावर पांघरूण घालायला नाही, मरेपर्यंत रोज सकाळी खुर्चीत बसून वाजवायला मला हा हवा.

"हाच!" तो म्हणाला.

"थांब जरा. तू काय एकटा वाजवतोस क्लबात?" हेंक म्हणाला. "ग्लेनिस, गा बघू काहीतरी."

नेव्हिलने चार ओळी वाजवल्या, खालच्या पट्टीत, नेहमीच्या. ग्लेनिसने स्टुलावर बसूनच डोळे मिटले आणि गायला लागली. तो तिच्याकडे बघत वाजवत राहिला, आणि गाण्याच्या अर्ध्यात त्याच्या लक्षात आलं की तिचे ओठ हलताना दिसताहेत आणि ऐकू येतेय फक्त गिटार. त्याने हात हलका केला. तरी तेच.

हेंकने हात वर केला. "ग्लेनिस, तू गातेयस ना? का नुसतं तोंड हलवतेयस?"

ती मोठ्याने हसली. "गातेय रे मेल्या!"

हेंकने पुन्हा स्क्रू काढले, जुना पिकअप लावला. गिटार एकदम कोरडी वाटायला लागली, सुरांना कडा आल्या, आणि त्या कडांच्या वरून ग्लेनिसचा आवाज — पातळ, मधेच हवा मिसळलेला, पण आवाज — ऐकू आला. पुन्हा काळपट पिकअप. पुन्हा बाई गडप. हेंक हे करत होता तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते बघून नेव्हिलला त्याच्या डोक्यात गिटार घालावीशी वाटली. म्हणजे काय, ज्याच्यात ऊब आहे तो हिला बुडवतो, आणि जो हिला तारतो त्याच्यात ऊब नाही. वा! म्हणजे पाच महिने मी जे शोधत होतो ते मिळालं, आणि मिळालं तेच घेता येत नाही.

"ह्यात पिकअपचा काय दोष?" हेंक म्हणाला. "तुम्ही दोघं एकाच खड्ड्यात उतरलायत. इतक्या खाली कोण गातं? पट्टी वर घ्या, बाई वर, गिटार खाली, मग हा पिकअप लावा, बघा कसं वाटतं."

 नेव्हिलने चार वर्षं जपलेलं गुपित ह्या डचमनने सरसाच्या डब्यात ब्रश बुडवता बुडवता उघड्यावर आणलं होतं. तो ग्लेनिसकडे बघू शकला नाही. तिने आता विचारायचं, खाली म्हणजे? कधीपासून खाली? आणि मग...

"नको हेंक, वर नको," ग्लेनिस म्हणाली, चहात साखर नको म्हणावं इतक्या सहज. "त्याच्या बोटांना त्रास होतो."

हेंकचा ब्रश डब्यातच राहिला.  त्याने नेव्हिलच्या डाव्या हाताकडे पाहिलं, मग चटकन दुसरीकडे पाहिलं, आणि मग अगदी वेगळ्याच, मऊ आवाजात म्हणाला, "अरे, मग सांगायचंस ना मला. गिटारीची मान थोडी तासून बारीक करून देतो. पकडायला सोपी जाईल. पुष्कळजण करून घेतात ह्या वयात."

माझ्या गिटारीची मान तासणार!  बोटांना काही झालेलं नाही, हे वाक्य नेव्हिलच्या जिभेच्या टोकावर आलं होतं, सगळं तयार, ठणकावून सांगायला — आणि त्याच्या मागोमाग उभा असलेला दुसरा प्रश्न त्याला दिसला. बोटांना काही झालेलं नाही? मग पट्टी का उतरवलीस रे नेव्ह? तो प्रश्न ग्लेनिस विचारणारच. त्याने गिटार पेटीत ठेवली. "कुठला बसवायचा ते संध्याकाळपर्यंत कळव," हेंक मागून त्याच मऊ आवाजात म्हणाला. "तोवर हा काळा मी बाजूला ठेवतो तुझ्यासाठी." ती दयाच होती, दुसरं काही नाही, आणि ती अंगावर घेऊन नेव्हिल बाहेर आला.

पेटी अर्थातच ग्लेनिसने उचलली.

बेकरीतून तिने पाव घेतला आणि खिमा भरलेले दोन गरम मीट-पाय घेतले, आणि ते गार व्हायच्या आत खाऊ म्हणून त्याने गाडी समुद्राकडे तोंड करून लावली. लाटा पसरट होत्या. 

"तुला कधीपासून वाटतंय हे?" त्याने शेवटी विचारलं. "बोटांचं."

"त्या ईस्टरपासून. तुला पेटका आला तेव्हापासून. आणि पुढच्या रविवारी तू पट्टी उतरवलीस, तेव्हा खात्रीच पटली."

"तुला कळलं होतं?"

"नेव्ह, मला पट्ट्यांची नावं येत नाहीत. पण गळा माझाच आहे ना रे?" ती सुरकुतलेल्या कागदात मीट-पायचा चुरा गोळा करत होती. "खाली माझा आवाज लागत नाही. पोकळ येतो, ठाऊक आहे मला. पण म्हटलं जाऊ दे, तुला सोपं जातंय ना, गाऊ खाली. काय बिघडतं?"

काय बिघडतं! त्याला स्टिअरिंगवर डोकं आपटावंसं वाटलं. उलट आहे गं बाई, सगळं उलट! खालच्या पट्टीत बोटं जास्त ताणावी लागतात, वरच्या पट्टीत घरं जवळ जवळ असतात, वर मला सोपं गेलं असतं! चार वर्षं मी तुझ्यासाठी खाली उतरतोय आणि तू माझ्यासाठी खाली उतरतेयस, आणि तिथे खाली दोघांनाही काही जमत नाहीये... ह्यातलं एक अक्षरही त्याला बोलता येत नव्हतं.

"बोलली का नाहीस मग?"

"तुला चाललं असतं?" ती हसली. "बरणीचं झाकण मी उघडून दिलं तरी तुझं तोंड दिवसभर फुगलेलं असतं. मर्व्हला तेवढं सांगितलं मी. नाहीतर तो वजनं तुलाच उचलायला लावत होता."

मर्व्हला सांगितलं. म्हणजे मर्व्हला ठाऊक होतं. म्हणजे दोन वर्षांपूर्वी मर्व्ह अचानक अँप्लिफायर गाडीपर्यंत उचलून न्यायला लागला तो चांगुलपणाने नव्हे. आणि मर्व्हच्या बायकोने नाताळात सांधेदुखीचं मलम भेट दिलं, त्याला वाटलं बाई विसरभोळी, दुसऱ्या कुणाचं पाकीट चुकून आपल्याला दिलं. आणि नुसत्या गिटारीच्या एखाद्या तुकड्यानंतर ती पुढच्या टेबलावरची मंडळी गरजेपेक्षा जास्त टाळ्या वाजवायची... सगळ्या क्लबाला ठाऊक होतं. नेव्हची बोटं गेली. बिचारा. आणि मार्चमध्ये मर्व्ह म्हणाला, पातळ वाटतंय, पूर्वीची ऊब नाही राहिली, तेव्हा — नेव्हिलचा घास तोंडातच राहिला — तेव्हा तो कुणाबद्दल बोलत होता? माझ्याबद्दल! मी छाती पुढे काढून सांगितलं, पिकअप म्हातारा झालाय, आणि मर्व्हने किती समजूतदारपणे मान डोलावली. ग्लेनिसचे हात थांबले होते ते ह्यासाठी. म्हातारा गिटारवाला बोटांचं खापर पिकअपवर फोडतोय, आणि सगळे त्याला फोडू देताहेत, पाच महिने, आपुलकीने विचारताहेत, बदलला का रे?

त्याला घाम फुटला. काच खाली केली तर थंड वारा आत आला.

पण थांब. त्या ईस्टरला सूर फाटला होता. शंभर माणसांसमोर फाटला होता. तो हिला ऐकू आला नसेल? स्वतःचाच? कानाने पक्की असलेली ही बाई, माझी एक तार केसभर उतरली तर गाणं चालू असताना भुवई उचलणारी — आणि स्वतःचा सूर चिरकलेला तिला कळला नाही, तिला कळला तो फक्त माझा पेटका? का तिने तो पेटका घेतला, मी पुढे केलेला हात घ्यावा तसा, आणि चार वर्षं घट्ट धरून ठेवला? त्याने तिच्याकडे पाहिलं. हनुवटीला मीट-पायचा पापुद्रा चिकटलेला, डोळे समोर पाण्यावर. काही म्हणता काही कळत नव्हतं. खरंच तिला तसं वाटत असेल, किंवा तिला सगळं ठाऊक असेल आणि ती मलाच सांभाळून घेत असेल, किंवा स्वतःला. विचारायचं कसं? ह्यातलं काहीही विचारलं की बाकीचं सगळं त्याबरोबर बाहेर येणार.

"नेव्ह," ती म्हणाली, अजून पाण्याकडेच बघत. "उद्या शेवटचं गाणं जुन्या पट्टीत घ्यायचं? एकदाच. चालतील तुझी बोटं?"

त्याला हो म्हणायचं होतं. हो म्हटलं तर ती वर जाईल, आणि कदाचित वर तिचा आवाज अजून असेल, भरलेला, वाट बघत; मग चार वर्षं मीच तिला खाली दाबून ठेवलं असं होईल, आणि तो काळपट पिकअप माझा होईल — आणि मग मी हो म्हटलं ते कुणासाठी, तिच्यासाठी की त्या पिकअपसाठी? किंवा ती वर जाईल आणि सूर पुन्हा फाटेल, आणि ह्या वेळी माझ्याकडे पेटका नसेल, आणि रात्री घरी आल्यावर मला शपथ पाळावी लागेल. नाही म्हटलं तर सगळं आहे तसं राहील, रविवार राहतील, मंगळवार राहतील, आणि मी बोटं गेलेला म्हातारा राहीन, ज्याची पेटी बायको उचलते. तिला ह्यातलं काय ऐकायचंय? सव्वीस वर्षं ती श्वास कुठे घेणार हे त्याला तिच्या आधी कळत आलं होतं, तिच्या पाठीवरून कळायचं, आणि आत्ता हातभर अंतरावर बसून त्याला काहीच ऐकू येत नव्हतं.

वेळ काढायला म्हणून त्याने डावा हात मांडीवर ठेवला आणि मूठ मिटून उघडली. अनामिकेच्या मधल्या सांध्यात काहीतरी टोचलं. मनाचे खेळ, त्याला वाटलं. आत्ताच एवढं बोलणं झालं म्हणून. त्याने पुन्हा मूठ मिटली. पुन्हा टोचलं, आणि ह्या वेळी कळ मनगटापर्यंत गेली. दुखत होतं. खरंच दुखत होतं, नाटक नव्हतं. खाली फाकवून फाकवून असेल, नाहीतर वयाने असेल, आणि किती दिवसांपासून कोण जाणे, त्या पिकअपच्या वैतागात त्याने कधी लक्षच दिलं नव्हतं. आता नाही म्हटलं तर ते खोटं ठरणार नव्हतं, आणि ते कळल्यावर नेव्हिलला इतकं हायसं वाटलं, की त्या हायसं वाटण्याचीच त्याला भीती वाटली. ग्लेनिस उत्तराची वाट बघत होती. त्याने मूठ पुन्हा मिटली, आधीपेक्षा जोरात, कळ अजून आहे ना ते बघायला.